नाव घातलेलं भांडं

मार्लीनच्या मुलाचं, ट्रेव्हरचं दफन चाललं होतं. रस्त्यापलीकडे, कायद्याने आखून दिलेल्या अंतरावर, शेजारीण व्हर्ना आपल्या चर्चची माणसं घेऊन फलक धरून उभी होती. फलकावर होतं, 'देवाला तुझी किळस येते.' ट्रेव्हरला पुरुष आवडतात म्हणून त्याला ठेचून मारणारा पोरगाही मारताना हेच ओरडत होता. त्याच वाक्यावर द्वेषातून केलेल्या गुन्ह्याचं जादा कलम टिकेल, असं सरकारी वकील मार्लीनला म्हणाले होते.

"मग हिला का नाही लागत ते कलम?" तिने बंदोबस्ताच्या पोलिसाला विचारलं.

"बाई, तिने नुसता फलक धरलाय. तेवढा हक्क आहे तिला."

बाराला निदर्शनांची परवानगी संपली. व्हर्नाने फलक डिकीत टाकला, तिथूनच झाकलेलं भांडं काढलं आणि दफनानंतरच्या जेवणाला हसतमुखाने हजर झाली. शेजारधर्म ना!

"चीज घातलेले बटाटे आहेत गं, गरम आहेत तोवर खा. त्या मारेकऱ्याला फाशीच द्यायला हवी. कुठून शिकतात असलं, देव जाणे! तो पोरगा लहानपणापासून चर्चमध्ये माझ्या रविवारच्या धर्मवर्गात होता, कधी मान वर करून बोलला नाही."

भांडं आपलं आपल्याला परत मिळावं म्हणून गावातल्या सगळ्या बायका करतात तशी तिनेही त्यावर नावाची चिकटपट्टी लावली होती. मार्लीनने ती वाचली आणि भांडं न उघडताच तिच्या हातात परत ठेवलं.

"भांड्यावर नाव घालायला विसरत नाहीस, व्हर्ना. त्या पोराला दिलेल्या वाक्यावर तेवढं राहिलं."