पहिली बुडी

“पहिल्या वेळीच आवाज आला होता, मॅडम,” हेरंब म्हणाला.

देविकानं चहाचा कप त्याच्या हातात दिला. तिच्या नवऱ्याला, अंशुमनला, जाऊन दोन महिने होत आले होते. समुद्राच्या तळाशी बुडालेलं एक जुनं जहाज पाहायला तो एका परदेशी कंपनीच्या छोट्या खासगी पाणबुडीतून उतरला, आणि पाण्याच्या दाबानं ती पाणबुडी कागदासारखी चुरगळली. आतली चारही माणसं गेली. घरच्यांच्या हाती द्यायला कुणाचं काही उरलं नाही. भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणत होता, क्षणात झालं सगळं, त्याला काही कळलंसुद्धा नसेल. तेवढ्या एका वाक्यावर देविका दिवस ढकलत होती.

आणि आता हा इंजिनिअर पुण्याहून नोएडाला तिचं घर शोधत आला होता. त्याच कंपनीच्या जहाजावर कामाला होता, अपघाताच्या आधीच नोकरी सोडलेली.

“कुठली पहिली वेळ?” तिनं विचारलं. “अंशुमन एकदाच गेला होता.”

हेरंबनं हातातला कप खाली ठेवला.

“डिसेंबरमध्ये,” तो म्हणाला. “मी वर जहाजावर होतो. पाणबुडी खोल गेली आणि कवचातून आवाज आला. लाकूड मोडावं तसा. वर आमच्या यंत्रावरसुद्धा त्याची नोंद झाली. मी मालकांना सांगितलं, आता ही परत खाली न्यायची नाही, कवच खोलून तपासायचं. ते हसले. म्हणाले, नवीन मटेरियल आहे, सेट होताना आवाज करतं. मी राजीनामा दिला. मॅडम, मला वाटलं सरांनी घरी सांगितलं असेल. तेव्हाही ते आतच होते.”

डिसेंबर. देविका शिकवायची त्या शाळेत प्री-बोर्डचे पेपर होते म्हणून तिला निघता आलं नव्हतं. लेक स्वानंदीला नुकतीच अठरा वर्षं पूर्ण झाली होती, त्याचं निमित्त करून बापलेकी दोघंच अंदमानला गेले होते. रापून परत आले. स्कूबा केलं म्हणाले.

अंशुमनला खोटं बोलायला कधी जड गेलं नाही, हे तिला माहीत होतं. दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या दोन खोल्यांच्या सरकारी क्वार्टरमध्ये तो वाढला. वडिलांनी अख्ख्या नोकरीत दोनदा समुद्र पाहिला, तोही सरकारी प्रवास सवलत, एलटीसी, मंजूर झाल्यावर. परदेशी कंपन्यांना देशाची दारं उघडली तशी यानं नोएडात कॉल सेंटर काढलं आणि बघता बघता उंच चढला. मग विमानातून उड्या झाल्या, बर्फातले डोंगर झाले. देविकानं अडवलं की म्हणायचा, “सरकारी बाबूंसारखं जपून जपून जगायचं नाही मला, यार.”

“म्हणजे त्याला माहीत होतं,” देविका म्हणाली. तिचा आवाज चढला. “मोडतेय हे कानांनी ऐकून तो परत त्यात जाऊन बसला!”

“अपघाताच्या चौकशीत मी हे सांगणार आहे. त्याआधी तुम्हाला कळायला हवं होतं.”

देविका हे ऐकतच नव्हती. तिला तो निघाला ती सकाळ आठवत होती. आदल्या रात्री बापलेकीचं दार लावून भांडण झालं होतं. नव्या गाडीवरून असेल, असं तिला वाटलं. सकाळी देविकानं दार वाजवून, ओरडून पाहिलं, तरी स्वानंदी खोलीबाहेर आलीच नाही. अंशुमननंही दारावर टकटक केली, खांदे उडवले आणि बॅग उचलून लिफ्टकडे गेला. बातमी आली त्या दिवशीही पोरगी रडली नाही. तेव्हा देविकाचा तोल गेला होता. भरल्या घरात, सगळ्यांच्या देखत ती लेकीला म्हणाली होती, “धड निरोपही दिला नाहीस तू त्याला!” त्यानंतर स्वानंदी जेवणाचं ताट घेऊन आपल्या खोलीत जाऊ लागली. आणि देविकानंही तिला कधी बाहेर बोलावलं नाही.

आतलं दार उघडलं. स्वानंदी पाणी घ्यायला आली होती. फ्रिजपाशी पोचता पोचता तिचं लक्ष सोफ्याकडे गेलं आणि ती जागच्या जागी थांबली. हेरंब गडबडीनं उठून उभा राहिला.

“हॅलो, हेरंब सर,” स्वानंदी म्हणाली.

पाहुण्याचं नाव देविकानं तिला सांगितलेलं नव्हतं.

“तू कशी ओळखतेस यांना?”

हेरंबनं मान खाली घातली. देविकानं एकदा त्याच्याकडे, एकदा लेकीकडे पाहिलं. ती सोफ्याच्या हातावर टेकली.

“मी पण खाली होते, आई,” स्वानंदी म्हणाली. पाण्याची बाटली तिनं दोन्ही हातांनी पोटाशी धरली होती. “आवाज आला तेव्हा बाबानं माझा हात इतका घट्ट पकडला ना. आणि वर आल्यावर हसायला लागला. म्हणाला, आईला नाही सांगायचं, ती परत कधी सोडणार नाही आपल्याला. प्रॉमिस घेतलं माझ्याकडून. या वेळी मी म्हटलं, मी नाही येणार, तू पण नको जाऊस. मला डरपोक म्हणाला.”

तिनं पहिल्यांदाच आईच्या डोळ्यांत पाहिलं.

“प्रॉमिस मी बिल्कुल तोडलं नाही, आई. तो निघाला त्या सकाळी तू दार वाजवून ओरडत होतीस, तेव्हापण नाही.”