फुगडीची भिंत

हातोडीचा पहिलाच ठोका पडला आणि छिन्नी बोटभर आत गेली. नाजिमाने एवढा जोर लावलाच नव्हता. तिने शेजारच्या विटेला छिन्नी लावली. तीही तशीच. तिसरीला तर हातोडीसुद्धा लागली नाही, नुसत्या अंगठ्याने दाबल्यावर नारिंगी भुकटी गळायला लागली. नीट भाजलेली वीट ठोक्याला खणखणीत उत्तर देते. या विटा ओल्या मातीसारख्या भद् वाजत होत्या.

वारज्यातल्या या शाळेच्या मैदानाकडेला ही भिंत एकटीच उभी होती, बारा फूट उंच आणि नऊ इंच जाड. सात आठवडे नाजिमा तिच्यात फुगडी कोरत होती. एकमेकींचे हात घट्ट धरून मागे झुकलेल्या दोन मुली, वेण्या वाऱ्यावर. हे काम वरून खाली करत यायचं असतं, नाहीतर वरचा चुरा खालच्या झालेल्या कामावर पडत राहतो. म्हणून आधी वेण्या झाल्या, मग चेहरे, मग हात. आज पायांची पाळी होती. पायांसाठी तिने खालच्या तीन फुटांचा गिलावा सकाळीच उतरवला आणि आत हा प्रकार निघाला. गिलाव्याखाली कोण बघतंय, म्हणून बांधणाऱ्या गवंड्याने अर्धकच्चा माल इथे बिनघोर खपवला होता. वरच्या सगळ्या चांगल्या विटांचं ओझं आता याच्यावर होतं.

 नाजिमाला आणखी एक गोष्ट ठाऊक होती, जी दुसऱ्या कुणालाच ठाऊक नव्हती. मुलींच्या हातांपाशीही एक वीट अशीच निघाली होती. एखादी वीट निघतेच, असं स्वतःला समजावून तिने विटेची भुकटी डिंकात कालवली आणि ती जागा इतकी बेमालूम भरली, की येणारा-जाणारा नेमकं त्या हातांचंच कौतुक करायचा. शिवाय कोरता कोरता नऊ इंचांतले दोन इंच तिने स्वतःच काढून टाकले होते. त्याचा दोष गवंड्याच्या माथी कसा मारणार?

सोमवारी उद्घाटन होतं. कसब्यातल्या कारखान्यात अब्बांच्या हाताखाली तिची वीस वर्षं गेली होती आणि प्रत्येक कामाच्या कोपऱ्यात त्यांचं, 'मुनव्वर' हेच नाव कोरलं गेलं होतं. या भिंतीवर पहिल्यांदाच 'नाजिमा' येणार होतं. तोंड उघडलं की भिंत पाडणार, आणि भिंतीबरोबर फुगडीही जाणार.

न उघडलं तर? परकर लांब करता येतील, तिच्या मनात आलं. पाय दाखवायलाच कशाला हवेत? परकराचा घेर इथेच संपवायचा, खाली पुन्हा गिलावा फासायचा. संध्याकाळपर्यंत होईल. कुणाला कळणारही नाही. ही युक्ती आपल्याला एवढ्या पटकन सुचली, याचीच तिला भीती वाटली.

"झाली का हो पावलं?" मागून मुख्याध्यापिका उल्का मॅडमचा आवाज आला.

"मॅडम, ही भिंत पाडावी लागेल."

मॅडमनी चष्मा नीट केला. "आज शुक्रवार. सोमवारी पाहुणे येणार. थट्टा करायची तर जरा मुहूर्त बघून करत जा."

नाजिमाने खालची भुकटी ओंजळीत घेऊन दाखवली. "आतून विटा कच्च्या आहेत. मुलं इथेच टेकून डबे खातात."

"बाई, खालची वीट ओल धरतेच. आमच्या इंजिनिअरने पाहिलीय भिंत. आणि वरचं बघा की, किती भक्कम आहे! ते हात बघा. तुमचंच काम, आणि तुम्हालाच भरवसा नाही?"

 नाजिमा स्टुलावर चढली. दोन मुलींच्या गुंफलेल्या बोटांवर तिने छिन्नी टेकवली. अकरा दिवस लागले होते त्या बोटांना. तिचा हात क्षणभर थांबला. मग तिने हातोडी न घेता तळव्यानेच छिन्नी रेटली. ती मुठीपर्यंत आत गेली. बोटांचे तुकडे झाले आणि खाली मॅडमच्या चपलांवर पडले.

"ही मी भरली होती," नाजिमा म्हणाली. "लपवून. चुकलं माझं. आणि खाली तर सगळ्याच अशा आहेत."

मॅडमनी छिन्नी ओढून काढली, त्या भोकात बोट घातलं आणि भुकटीने माखून बाहेर आलेल्या बोटाकडे बघत राहिल्या. त्यांचा चेहरा उतरला. मग त्यांनी झटकन घड्याळ पाहिलं.

मधल्या सुट्टीची घंटा झाली.

पहिलीचा वर्ग सगळ्यात जवळ होता. दार धाडकन उघडलं आणि डबे वाजवत पोरं भिंतीच्या सावलीच्या दिशेने सुटली. शाळेत पळायचं नाही, असं वीस वर्षं सांगत आलेल्या उल्का मॅडम निऱ्या मुठीत धरून त्यांच्यासमोर पळत सुटल्या. "मागे फिरा! आत, सगळे आत!" पहिल्या दोघांना त्यांनी दंडाला धरून उलटं वळवलं. बाकीची मुलं भेदरून जागीच थबकली.

मुलांना दाराकडे ढकलता ढकलता मॅडमनी मान वळवली.

"अहो, तुम्ही काय करताय? तुम्हीही हटा की तिथून!"

तेव्हा कुठे नाजिमाचं स्वतःकडे लक्ष गेलं. स्टुलावरून ती कधी उतरली, तिला आठवत नव्हतं. ती भिंतीला समोरून भिडून उभी होती, पाय मातीत रोवून, आणि तिचे दोन्ही तळवे विटांवर घट्ट दाबलेले होते.