पास्कल येणारं दुसरं माणूस

आलियाने तो कोड आधी पाहिलेला नसावा, एवढी एकच अट गोरखने घातली होती. यासीनने ती पाळली. तीन महिने तो मुलीला पास्कल ही प्रोग्रामिंगची जुनी भाषा शिकवत होता, पण कुवेतहून आणलेल्या जुन्या वह्यांवरून. स्वतः लिहिलेल्या रक्तदात्यांच्या अ‍ॅपची फाइल त्याने तिला उघडूसुद्धा दिली नव्हती.

आता रक्तदानाचं काम बघणाऱ्या ट्रस्टच्या ऑफिसात गोरखचा लॅपटॉप टेबलावर होता आणि त्याच्यापुढे आलिया बसली होती. यासीनने भिंतीलगतची खुर्ची घेतली. अध्यक्ष मुनाफचाचा दुकान नोकरावर टाकून आले होते आणि सारखे घड्याळ बघत होते.

विषय चाचांनीच काढला होता. अ‍ॅपबद्दल तक्रार नव्हती. रुग्णाचा रक्तगट टाकला की त्या गटाच्या दात्यांना फोनवर निरोप जायचा; ज्यांना रक्त देऊन नव्वद दिवस झाले नसतील त्यांना अ‍ॅप आपोआप वगळायचं. पण ते पास्कलमध्ये लिहिलेलं होतं, आणि मोबाईलसाठी पास्कल वापरणारा अख्ख्या पनवेलमध्ये यासीनखेरीज कुणी नव्हता.

"अल्ला तुला सलामत ठेवो," चाचा म्हणाले होते, "पण उद्या काही झालं तर आम्ही काय कबरस्तानात येऊन विचारायचं, की बाबा, आता कुठलं बटण दाबू?"

नवीन पनवेलला राहणाऱ्या गोरखने तेच अ‍ॅप जावामध्ये फुकट लिहून द्यायची तयारी दाखवली. तो एका सॉफ्टवेअर कंपनीत होता, त्याला ते दोन महिन्यांचं काम होतं. शेवटी असं ठरलं, की यासीनने पास्कल येणारं दुसरं माणूस तयार करावं. गोरख कोडमध्ये एक चूक घालेल, ती त्या माणसाने शोधावी. सापडली तर अ‍ॅप यासीनचं. नाही तर जूनपासून गोरखचं.

यासीनला दुसरं काही येत नव्हतं. बावीस वर्षं त्याने कुवेतच्या एका कंपनीत कामगारांच्या रजांचा प्रोग्राम सांभाळला. दर वर्षअखेरीला जुन्या रजा बाद व्हायच्या, नव्या सुरू व्हायच्या. बावीस वर्षांत एकही चूक निघाली नाही. परत आल्यावर त्याच भाषेत मोबाईलचं अ‍ॅप करता येतं असं त्याला कळलं, तेव्हा चोपन्नाव्या वर्षी तो पुन्हा शिकायला बसला. जुन्या प्रोग्राममधले काही भाग त्याने जसेच्या तसे उचलले. मोबाईलच्या दुकानातली पोरं हसली. पण अ‍ॅप चालू झालं आणि गावात लोक त्याला नावाने सलाम करू लागले. आधी, इथेच राहिलेल्या बायकोमुळे, ते त्याला फक्त हलीमाचा नवरा म्हणून ओळखत.

जानेवारीत तेवढा एकदा प्रसंग आला. वीटभट्टीवरची हौसा बाळंतपणात अडली. रक्त बी निगेटिव्ह. त्या गटाचा यादीत एकटा तुळशीराम, शिरढोणचा रिक्षावाला; चार महिन्यांपूर्वी, गणपतीत, एकदा रक्त देऊन गेलेला. अ‍ॅपवर रक्तगट टाकला, वाट बघितली. फोन नंबरांची जुनी वही अ‍ॅप आल्यापासून कुणी उघडत नव्हतं. मुंबईहून रक्त येईपर्यंत हौसा गेली.

तुळशीराम ट्रस्टच्या बैठकीत येऊन उभा राहिला. "भाई, फोन माज्या खिशातच होता," तो म्हणाला. "वाजलाच नाय."

सगळ्यांनी यासीनकडे पाहिलं. भांडण यासीनच्या स्वभावात नव्हतं. तो खाली बघत म्हणाला, "मशीनला खोटं बोलता येत नाही."

तुळशीरामचं नाव यादीतून काढलं. हौसाचा नवरा पांडू त्याच्या रिक्षाला हात करीनासा झाला, मग भट्टीवरचे बाकीचेही. स्टँडवर तो दिसला की कुणीतरी विचारायचंच, "काय रं, आज चार्जिंग हाय का?"

"बघ," एवढंच म्हणून गोरखने आज लॅपटॉप आलियापुढे केला होता. अर्धा तास द्यायचा होता. आलिया एकेक ओळ बोटाने खाली सरकवत गेली. यासीनला वाटलं, आपण पोरीला फार घाईने शिकवलं. मग वाटलं, मुळात शिकवणारे आपण कोण?

तिचं बोट थांबलं. ती थोडं वर गेली, परत खाली आली. एका कागदावर तिने दोन तारखा लिहून वजाबाकी करून पाहिली.

"सापडली, अब्बा. दिवस मोजताना तारीख आणि महिना धरलाय, वर्ष सोडलंय. साल बदललं की उत्तर उणे येतं. नव्वद दिवस भरतच नाहीत आणि त्या माणसाला निरोप जात नाही."

चाचांनी टेबलावर थाप मारली. "माशाल्ला. मिटलं. अ‍ॅप यासीनचंच राहील."

यासीन स्क्रीन बघायला उठलासुद्धा नाही. कितीतरी दिवसांनी तो मोकळेपणी हसला. "एवढी ढोबळ चूक घातलीस होय गोरख? जरा अवघड तरी घालायचीस. अशी चूक कुणी करेल का?"

गोरखने लॅपटॉप आपल्याकडे वळवला.

दाराशी चाचांना निरोप देताना यासीनला तुळशीराम आठवला. आज मन मोठं करावंसं वाटलं. "चाचा, तुळशीरामचं नाव परत घालू या यादीत," तो म्हणाला. "माणूस आहे, चुकला. मी त्याला माफ केलंय."

चाचा मान हलवून गेले. आलिया हातातल्या कागदावरची वजाबाकी पुन्हा बघत होती. गोरख अजून उठला नव्हता.

"यासीनभाई," तो हळूच म्हणाला, "तुमची ती भाषा मला वाचताच आली नाही. चूक कुठे घालायची तेच कळेना. फाइल तुम्ही दिलीत तशीच मी हिच्यापुढे ठेवली."