उदारामची ट्यूब

रत्नपालने स्टुलावरूनच बटण दाबलं आणि विहारात बसलेली सगळी वस्ती एका सुरात म्हणाली, "एक."

दोन म्हणायची वेळच आली नाही. ट्यूब पेटली होती. एकदा लुकलुकली आणि लख्ख झाली, जशी आजच दुकानातून आणलेली.

टाळ्या पडल्या.

"यंदा तर एकाच झटक्यात, काका," पुतणी मोनाली हसत म्हणाली. "कोणतं टॉनिक पाजलं तिले?"

फक्त भिंतीला टेकून बसलेल्या पार्वताबाईने, रत्नपालच्या म्हाताऱ्या मायने, काठी जमिनीवर आपटून सावकाश म्हटलं, "दोन." तिच्या डोळ्यांत पडदे आले होते आणि अगदी कानाशी बोललं तरच ऐकू येई. तिच्यापर्यंत ना उजेड पोचला, ना टाळ्या.

चोरखमाऱ्याच्या तलावाखालच्या या वस्तीत बुद्धपौर्णिमेच्या सांजेला असंच चालतं. विहारातले एलईडी बंद करायचे. रत्नपालचा बा उदाराम याने विहारात पहिल्यांदा लावलेली जाडजूड चार फुटी ट्यूब जुन्याच पट्टीवर चढवायची. तिला पेटायला वेळ लागतो. सहा वेळा लुकलुकून विझते, सातव्यांदा पेटते. तोवर सगळ्यांनी मोजायचं. पेटली की त्रिशरण, पंचशील. मग ती उतरवून उदारामच्या जुन्या धोतरात गुंडाळायची. पुढच्या वर्षीची पौर्णिमा येईपर्यंत बटणाशी तिची गाठ नाही.

"तीन," पार्वताबाई म्हणाली.

रत्नपाल स्टुलावरून उतरला नाही. चौतीस वर्षं वायरमनकी केलेला माणूस. थकलेली ट्यूब एका वर्षात तरणी होत नाही, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. दुपारी धोतरातून काढताना त्याने ट्यूबच्या टोकाच्या टोपीवर बाने खिळ्याने कोरलेली तारीख तेवढी पाहिली होती. आपल्या घरच्या माणसाला कोणी ओळखपत्र मागतं का?

गेल्या महिन्यात आठ दिवस ही ट्यूब वस्तीबाहेर होती. ज्याच्या घरी होती तो भूपेंद्र समोरच बसला होता, मांडीवर पेढ्यांचा डबा घेऊन.

भूपेंद्र गोंदियाचा. जुन्या ट्यूबांचं वेड दोघांनाही सारखंच. नऊ वर्षं दोघांनी मिळून बंद पडलेल्या राइस मिलांचे माळे पालथे घातले होते. एकाला गोल ट्यूब सापडली की दुसऱ्याला फोन. उदारामची ट्यूब भूपेंद्रने कितीदा तरी मागितली होती. माझ्यातल्या कोणत्याही दहा घ्या, म्हणायचा. रत्नपालचं उत्तर ठरलेलं, "बा कोणी बदलीत देते का?" या वेळी मात्र फक्त फोटो काढायला मागितली, म्हणून दिली. परत आली ती त्याच धोतरात, तशाच गाठी मारून.

"चार."

रत्नपाल खाली उतरला आणि भूपेंद्रशेजारी जाऊन बसला.

"नया स्टार्टर डाला क्या, भाऊ?" भूपेंद्रने विचारलं. त्याचा आवाज नको तितका गोड होता.

"स्टार्टर तोच आहे. चोक तोच आहे," रत्नपाल हळू म्हणाला. "मंग काय बदललं, भूपेंद्रभाऊ? तुमीच सांगा."

भूपेंद्र डब्याची दोरी सोडू लागला. सगळं जुळवलं होतं पठ्ठ्याने. काचेची जाडी, छाप, पितळी टोपी. खिळा घेऊन बसून तारीखसुद्धा कोरली होती. पण पौर्णिमेला तो आजवर कधी आला नव्हता. रत्नपालने हात धरून आणलं म्हणून यंदा पहिल्यांदाच आला. जमवणारे लोक ट्यूब पुसतात, मापतात, फोटो काढतात. पेटवत मात्र नाहीत, आयुष्य कमी होतं म्हणून. उदारामची ट्यूब पेटते कशी, तेवढंच त्याला ठाऊक नव्हतं.

"पाच."

"इथं एक ना एक दिवस ती फुटलीच असती, भाऊ," भूपेंद्र मान वर न करता पुटपुटला. "माझ्याकडे सेफ राहील. काचेच्या कपाटात. आणि मी दिली ती काय कमी आहे? एकदम कोरी आहे."

रत्नपालला त्याची कॉलर धरावीशी वाटली. चोराने रात्री कुलूप तोडून नेली असती तर इतकं लागलं नसतं. याने तर घरी बसून भाकर खाल्ली होती, जाताना मायच्या पाया पडला होता, आणि गाडीत बसल्यावर रत्नपालनेच ती ट्यूब त्याच्या मांडीवर ठेवली होती, सांभाळून न्या म्हणून.

"ते तारीख," तो म्हणाला, "कोरताना हात नाई थरथरला तुमचा?"

भूपेंद्रने डबा पुढे सरकवला. रत्नपालने तो तसाच मागे ढकलला.

"सहा," पार्वताबाई म्हणाली. एव्हाना टाळ्या थांबल्या होत्या. माणसं मागे वळून तिच्याकडे पाहू लागली. मोनाली तिला सांगायला उठली, तर रत्नपालने हातानेच तिला खाली बसवलं आणि स्वतः उठून मायजवळ गेला.

"सात." म्हातारीने काठी बाजूला ठेवली, हात जोडले. "पेटली का रे, बापा?"

रत्नपालने एकदा वर पाहिलं, एकदा भूपेंद्रकडे. मग तिच्या कानाशी वाकला.

"पेटली, माय."

"मंग?" ती म्हणाली. "तुह्या बाची आहे थे. सातच्या आधी कधीच पेटत नाई."