आईची सही

साठी उलटल्यावर आईला सही येऊ लागली, ती मुलानं हात धरून शिकवली म्हणून. मग तो तिला रोज वेगळ्या दुकानात सर्दीच्या गोळ्या आणायला पाठवू लागला. दुकानदार वहीत सही मागायचा आणि ती चष्मा सावरून ऐटीत करायची.

आज पोलीस चौकीत त्या सगळ्या वह्या तिच्यापुढे उघड्या होत्या.

"मावशी, या गोळ्यांपासून नशेची पावडर बनते. त्यासाठी गोळ्या विकत घेणाऱ्यालाही दहा वर्षं आत बसावं लागतं. कुणी आणायला सांगितल्या?"

"कुणी नाही, साहेब. मीच आणल्या. पोराला यातलं काही ठाऊक नाही."

साहेबांनी मुलाचा जबाब पुढे ओढला.


"तोही तेच म्हणतोय, मावशी. सही आईचीच आहे म्हणतो, मीच शिकवली."