कच्चा वास

त्याने गाडीवरच्या बर्फाच्या डब्याचे झाकण काढले, कालच्या सॉसेजची माळ उचलली आणि नेहमीसारखी नाकाशी धरली. रांगेत सर्वांत पुढे शेजारच्या दुकानातला शिंपी होता. तो मागच्या नवख्या गिऱ्हाइकाला कौतुकाने सांगू लागला, की या माणसाला चव घेऊन बघावी लागत नाही. तव्यावर काय कमी पडले ते याचे नाक सांगते, आणि म्हणून तर या गाडीवरचा सॉसेज भरलेला तिखट पाव खायला माणसे दोन रस्ते ओलांडून येतात.

"फक्कड आहेत," तो म्हणाला आणि माळ पातेल्यात सोडली.

त्याला कसलाही वास आला नव्हता. महिन्यापूर्वीच्या तापाने जाताना तेवढे एक सोबत नेले होते. तिखट जिभेला झोंबत असे, मीठ कळत असे. पण लसूण, कांदा, शेकल्या पावाची कड, हे सारे बंद दारापलीकडच्या बोलण्यासारखे दूर राहिले होते. त्याने हे कोणाला सांगितले नव्हते, बायकोलाही नाही. ज्याच्या नाकावर गाडी चाललेली, त्याचे नाकच गेले हे कळल्यावर समोर कोण उभे राहणार? म्हणून तो सवयीने हात चालवी, रंगावरून अंदाज बांधी, आणि संध्याकाळ उलटून गाडी झाकताना, आजचा दिवस निभावला, एवढेच स्वतःशी म्हणे.

बायको पावांची करंडी घेऊन घाईघाईने आली. बेकरीत आज फार खोळंबा झाला, असे सांगता सांगता ती मध्येच थांबली. तिने पातेल्याकडे पाहिले, मग डब्यात डोकावली. बर्फाचे केव्हाच पाणी झाले होते. करंडी खाली ठेवून तिने पातेले त्याच्याकडे सरकवायला म्हणून उचलले, आणि ते तिच्या हातून सुटले. सगळी सॉसेज गटाराच्या तोंडाशी जाऊन पडली.

मग शिंपी म्हणाला, "वहिनी, भांडण दादांशी आणि राग काढलात सॉसेजवर." माणसे हसली.

त्याला हसू आले नाही. महिनाभर आत दाबून ठेवलेले सगळे रागाचे रूप घेऊन वर आले. "डोळे कुठे होते तुझे?" तो चारचौघांत म्हणाला. "एक काम धड होत नाही."

"हात सटकला," ती म्हणाली. कोपऱ्यावरच्या दुकानातून ताजी सॉसेज घेऊन येते, तेवढे थांबा, असे रांगेला विनवून ती गेलीसुद्धा.

तो केरसुणी घेऊन खाली बसला. शिंप्याच्या पायरीवरून मांजर उतरले. पावाच्या कागदाला लागलेले तेलही न सोडणारे ते हावरट मांजर सॉसेजपाशी आले, त्याने नाक पुढे केले, मिशा हलल्या, आणि मान मागे घेऊन ते पुन्हा पायरीवर जाऊन बसले.

केरसुणी त्याच्या हातात तशीच राहिली. त्याने एक सॉसेज उचलून बोटांत दाबले. वरून गुलाबी दिसणारे ते मोडताच आतून चिकट तार सुटली. त्याने मान वर केली. रांगेत शिंपी होता, नवखा माणूस होता, आणि त्याच्यामागे एक बाई कडेवरच्या मुलीला, मिळेल हं आता, म्हणून समजावत होती.

बायको परत आली. दोघे शेजारी उभे राहून सॉसेजचे काप करू लागले. रांगेपर्यंत जाणार नाही अशा आवाजात त्याने विचारले, "तुला कधी कळलं?"

"ताप उतरला त्या सकाळी," ती सुरी न थांबवता म्हणाली. "दूध करपलं होतं. मी टाकून देणार, तेवढ्यात तुम्ही पेला रिकामा केलात. वर म्हणालात, आज छान झालंय."

"बोलली नाहीस."

"तुम्ही तरी कुठे बोललात?"

महिनाभर गाडीवरचा डबा त्याच्याआधी ती का उघडत होती, हे आता विचारायची गरज उरली नव्हती. आज फक्त बेकरीत उशीर झाला होता.

तेल तापले. कांदा पडला, लसूण पडला, त्यावर लाल मसाला पडला. मसाल्याचा कच्चा वास केव्हा जातो हे डोळ्यांना दिसत नाही. उलथणे फिरवता फिरवता त्याने तव्यावरची नजर उचलली आणि साऱ्या रांगेदेखत बायकोच्या चेहऱ्यावर ठेवली. ती पावांना चिरा देत होती. तिच्या नाकपुड्या किंचित हलल्या; पण तिचा होकार अजून आला नव्हता. मागे कोणीतरी खुसखुसले.

"दादा, लक्ष तव्यावर असू द्या," शिंपी म्हणाला.

"तव्यावरच आहे," तो म्हणाला, आणि तिने मान हलवेपर्यंत नजर काढली नाही.