एका हाताची पकड

धातू कातायच्या लेथवर, काम पकडून धरणाऱ्या फिरत्या चकमध्ये सापडून रामलिंगचा डावा पंजा गेला. जखम भरली, तसं थोरल्या भावानं, श्रीमंतनं, लेथ विकायचं ठरवलं आणि एका सकाळी बार्शीचं गिऱ्हाईक बैलगाडी घेऊन त्यांच्या कळंबच्या कारखान्यापुढं आलं. “एका हातानं इंजिनाचा बुश धरशील का चकची चावी आवळशील? माझ्याच्यानं बघवत न्हाय रे,” श्रीमंत म्हणाला. रामलिंग लेथपुढून हलला नाही. “दादा, आदी ह्ये बघा.” चकच्या जागी त्यानं स्वतः घडवलेली पकड बसवली होती. बुशाच्या मापाची, एका बाजूनं चिरलेली ती जाड लोखंडी वाटी होती. ती घडवताना चकची चावी त्याची बायको कोंडाबाई हिनं फिरवली होती. रामलिंगनं उजव्या हातानं पितळी बुश, इंजिनाच्या दांड्यावर बसणारी आखूड नळी, वाटीत ढकलला. तो आपोआप सरळ बसला. त्याच हातानं एकच बोल्ट आवळला, पान्हा बाजूला ठेवला आणि लेथ सुरू केला. श्रीमंतनं डोळे मिटून घेतले. पितळेचा चुरा उडायचा थांबला, तेव्हा गिऱ्हाइकानं तो बुश दुरुस्तीला आलेल्या इंजिनाच्या दांड्यावर सरकवून पाहिला. तो जराही डगमगला नाही. “पावणं, गाडी रिकामीच न्या,” कोंडाबाई म्हणाली. श्रीमंतनं रामलिंगच्या उजव्या हाताकडं बोट केलं. “आन् ह्यो हातबी गेला तर?” रामलिंगनं दुसरा बुश उचलला. “तर पायानं आवळायची पकड करीन, दादा. पण लेथ ह्या दारातनं हलणार न्हाय.”